अक्का, पहिली बातमी तुझीच

अक्का, काल मुंबईहून एका मोठ्या पेपरच्या माणसाचा फोन आला. त्याला तुझा नंबर हवा होता. ज्या लोकांनी महिनोन् महिने एका भाजलेल्या वांग्याचं कौतुक छापलं, त्यांना आता तुझी मुलाखत पाहिजे होती. मी म्हटलं, अक्का मंगळवारी गेली. तो वाईट वाटलं म्हणाला, आणि मग त्याने चाचरत विचारलं, "पण ती बातमी सगळ्यांत आधी त्यांनीच दिली होती ना?" मी "हो" म्हटलं. इतक्या मोठ्यांदा म्हटलं, की समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या काकू वाकून बघायला लागल्या.

नंतर रडू आलंच. पण खरं सांगतो, त्याच्याआधी छाती फुगली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "छाती फुगाईसन काय करस, काम कर."

परवा धुळ्यात तुझी शोकसभा झाली. तू कुठे जन्मलीस, साप्ताहिक किती वर्षं एकटीने चालवलंस, कोणकोणते सत्कार नाकारलेस, ते सगळं सांगून झालं. एका वक्त्याने तुला 'मृदुभाषी' म्हटलं, तेव्हा मी आणि तुझी बहीण लताताई, दोघांनी एकदमच मान खाली घातली. शोकसभेत हसणं बरं दिसत नाही. तेव्हा ते सगळं मी इथे लिहीत नाही. आपल्या दोघांचं जेवढं आहे तेवढंच लिहितो, आणि एक भांडण अर्धं राहिलंय तेही पुरं करून टाकतो.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा मी तुला दारातूनच कटवायला निघालो होतो. जळगावच्या पिंप्राळ्यातला तो भाड्याचा बंगला, खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली, आत मी, माझा भागीदार नितीन आणि आमची चार माणसं. कॉलनीत आमच्याबद्दल नाना वदंता होत्या. कुणी म्हणे नोटा छापतात, कुणी म्हणे क्रिकेटचा सट्टा घेतात. मला त्याचा आनंदच व्हायचा. पुण्याच्या नोकरीत माझी एक कल्पना डोळ्यांदेखत दुसऱ्याने पळवली होती, त्यामुळे इथे मी पाण्याचे जार टाकणाऱ्याकडूनसुद्धा गुप्ततेच्या कागदावर सही घेतली होती. लताताई आमच्याच गल्लीत राहायची. तू तिच्याकडे आलीस, गल्लीतल्या बायकांकडून ऐकलंस आणि भर दुपारी आमची कडी वाजवलीस.

"मी पेपरवाली शे. आठे काय चाली राह्यनं?"

"काही नाही. क्लास आहे."

"कसाना?"

"गणिताचा."

"मंग पोरे कोठे शेतस?"

मी दार लोटलं तर मध्ये तुझी चप्पल. मी म्हटलं, जमणार नाही. तू म्हणालीस, बरं, आणि पायरीवर बसलीस, उन्हात, पदर डोक्यावर घेऊन. मी आत येऊन कामाला लागलो. पण नितीन पडला कापडाच्या पेढीवरचा मारवाडी मुलगा. दारात आलेलं माणूस पाणी न पिता परत गेलं तर त्याच्या घरी आईपासून आजीपर्यंत सगळ्या बोलणार. दहा मिनिटं त्याने तळमळत काढली आणि मग उठून दार उघडून तुला आत घेतलं, पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. पाणी पिता पिता तू टेबल बघितलंस. आणि पाणी दिलं ते दिलं, पण या महाशयांनी पुढच्या पाच मिनिटांत तुला आमचं सगळं यंत्रच समजावून सांगितलं. मी कपाळाला हात लावून बसलो.

काय होतं टेबलावर? साबण ठेवायच्या डबीएवढी, मळकट पांढरी, चार बटणं आणि एक चिमुकला पडदा असलेली वस्तू. जिथे मोबाइलचा मनोरा नाही, अशा ठिकाणी डोंगरमाथ्यावर आमची एक पेटी बसवायची, आणि खाली कुणीही ही डबी हातात घेऊन इंटरनेटवरून निरोप पाठवायचा, बातमी वाचायची, हवामान बघायचं, बाजारभाव ऐकायचा. अक्षरं आणि आवाज, एवढंच. सिनेमा नाही, फोटो नाही. दिसायला इतकी सामान्य, की आमच्यातल्या एकाने तिच्यात खरोखरच साबण ठेवून पाहिला होता.

तू डबी हातात घेतलीस, उलटीसुलटी केलीस आणि एकच विचारलंस, "उंबरपाड्यात चालेल?"

मी नावही ऐकलं नव्हतं. तेव्हा तू सांगितलंस. साक्रीच्या पश्चिमेला, दोन गाड्या बदलून आणि वर तासभर चालून जायचं. तिथे फोन लागायला लोक मागची टेकडी चढतात, तिला नावच फोनची टेकडी. हातपंप बिघडला, मास्तर महिनाभर आला नाही, ओढ्यावरचा फरशीपूल वाहून गेला, की ती बातमी कुणाच्या तरी पायांनी साक्रीच्या बाजाराला यायची आणि तिथून तुझ्याकडे. छापून होईपर्यंत शिळी. नाहीतर तू स्वतः जाऊन आणायचीस. "आमच्या बातम्या म्हाताऱ्या होऊन येतात," म्हणालीस.

मग तू तो तुझा सौदा मांडलास. "तुझ्या कागदावर मी सही करणार नाही. सही काय, लोक मोडतात. मी शब्द देते. तू सांगेपर्यंत एक ओळ छापणार नाही. पण ज्या दिवशी सांगशील, त्या दिवशी पहिली बातमी माझी. पुण्या-मुंबईच्या आधी. एकदा तरी खान्देशातली मोठी बातमी खान्देशातून जाऊ दे."

मी हो म्हटलं. तुला घालवायला म्हटलं होतं अक्का, आज कबूल करतो. तू ते खरं मानलंस.

त्यानंतर तू येतच राहिलीस. सुरुवातीला मी 'अहो अक्का' म्हणायचो. दुसऱ्या महिन्यात तू दम दिलास, की अहो-जाहो करशील तर डब्यातल्या शेवभाजीला हात लावू देणार नाही. शेवभाजीसाठी मी काहीही केलं असतं.

आणि मग ते भरीत.

आमची डबी जळगावच्या रस्त्यांवर झकास चालायची, पण खरी परीक्षा केळीच्या बागेत. केळीचं पान म्हणजे नुसतं पाणी. दाट बागेत शिरलं की भलेभले सिग्नल मान टाकतात. माझं म्हणणं होतं, केळीत चालली तर कुठेही चालेल. यावलकडे माझ्या मामांची बाग आहे. थंडीचे दिवस होते. आणि आपल्याकडे चार महिने लोकांकडून राबवून घ्यायचं आणि भरीत खाऊ घालायचं नाही, अशा मालकाला लोक टिकू देत नाहीत. म्हणून मी, गुप्ततेचा एवढा कट्टर माणूस, सगळ्यांना यंत्रांसकट मामांच्या बागेत घेऊन गेलो, आणि मामांनी निम्मं गाव बोलावलं.

कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली. मामीचा हात हलका पडतो म्हणून लाकडी बडगीत भरीत तू स्वतः कुटलंस. नितीन जैन, वांगं खात नाही, म्हणून तो ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी आणि केळं खात बसला होता. मी बागेतून चाचणी करून आलो, डबी तशीच केळीच्या पानाशेजारी ठेवली आणि हात धुवायला गेलो. तेवढ्यात मामीने भाजलेल्या वांग्यांचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, 'गिरीशच्या कंपनीचं भरीत'. पुण्याच्या मामेभावाने तो उचलला आणि आपल्या मित्रांना धाडला, 'दादाचं गुप्त यंत्र, बघा'. त्याला डबी दाखवायची होती. बिचाऱ्याचं चुकलं काही नाही.

तिसऱ्या दिवशी तो फोटो देशभर होता. लाल गोल काढला होता तो डबीभोवती नव्हता, वांग्याभोवती होता.

मला ती वाक्यं अजून पाठ आहेत. 'काळी, किंचित बाकदार, एका हातात सहज मावणारी बांधणी.' 'वरच्या टोकाला आखूड अँटेना.' तो देठ होता. 'पकड नीट बसावी म्हणून पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत ठेवलेला दिसतो.' ते जळकं साल होतं. आणि आमच्या खऱ्या यंत्राबद्दल एकाने जाता जाता लिहिलं होतं, 'शेजारी बहुधा मिठाचा डबा'.

तुझा फोन आला तेव्हा तुला हसण्यातून बोलताच येईना. "तुना वांगाले अँटिना शे रे भाऊ!" एवढंच चारदा म्हणालीस.

मग जे सुरू झालं त्याला काही ताळतंत्रच नव्हतं. पिंप्राळ्यात टीव्हीच्या गाड्या आल्या. आम्ही नोटा छापतो म्हणणारे शेजारी कॅमेऱ्यासमोर सांगू लागले, की आम्हाला पहिल्यापासून कल्पना होती, मुलं हुशार आहेत. जळगावातल्या एका मोबाइलच्या दुकानाने काळ्या लांबट वस्तूचं चित्र लावून 'लवकरच येत आहे' असा फलक टांगला. दिल्लीत चार तज्ज्ञ टेबलाभोवती बसून भांडले, की हे थेट उपग्रहाशी बोलतं की नाही. कुणी म्हणे चार्जच करावं लागत नाही. कुणी म्हणे हवेत सिनेमा दाखवतं. आम्ही अवाक्षर बोललो नाही, आणि बोललो नाही म्हणून ते आणखी गूढ झालं. दोन दिवस मी पोट धरून हसलो. तिसऱ्या दिवसापासून मला ते आवडायला लागलं. जे गुंतवणूकदार आमचा फोन उचलत नव्हते, त्यांचाच फोन आला. म्हणाले, आकार अफलातून आहे, हाच ठेवा.

इथून आपलं भांडण सुरू झालं.

धुळ्याला आग्रा रोडच्या मागच्या गल्लीतली तुझी ती खोली. तू चहा ओतलास आणि म्हणालीस, "झालं हसून. आता सांगून टाक, वांगं होतं म्हणून."

मी म्हटलं, मी खोटं बोललोच नाही. त्यांनी बघितलं, त्यांनी लिहिलं. मी फक्त गप्प आहे.

"लोक तुझ्या यंत्राची वाट बघत नाहीयेत, गिरीश. वांग्याची बघताहेत. उद्या ही डबी समोर आली की काय होईल?"

"चालते हे दिसेल की."

"दिसायला आधी हातात तर घ्यायला पाहिजे."

मला राग आला. यशाचा वास नुकता कुठे येत होता आणि तू खिडकी उघडत होतीस. मी वाईट बोललो. म्हटलं, एवढं आहे तर छाप ना तूच. तुला सगळं माहीत आहे.

तू कप खाली ठेवलास. "तू सांगितलं नाहीस अजून," म्हणालीस.

तेव्हा मला त्या वाक्याचं वजन कळलं नाही. पुढे लताताईने सांगितलं, की त्याच आठवड्यात बसस्टँडसमोरच्या टपरीवर दुसऱ्या एका पेपरच्या संपादकाने तुला चारचौघांत टोमणा मारला होता, की अक्का, तुमच्या बहिणीच्या गल्लीत एवढी घडामोड, आणि तुमच्या पेपरात हळदीकुंकवाच्या बातम्या! तुझ्याकडे एक ओळ होती. ती छापली असतीस तर तो माणूस महिनाभर टपरीवर फिरकला नसता. तू हसलीस, चहा संपवलास आणि घरी गेलीस.

आणि मी काय केलं? गुंतवणूकदारांनी ठरवलं, की यंत्र मुंबईच्या मोठ्या हॉटेलात दाखवायचं आणि पहिली बातमी एका इंग्रजी दैनिकाला द्यायची. मी व्हिडिओ कॉलवर होकाराची मान हलवली. तुला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस, 'बरं' म्हणालीस आणि जेवलास का म्हणून विचारलंस. अक्का, तू शिव्या घालायला हव्या होत्यास. त्या दिवशी मला शिव्यांची फार गरज होती.

उंबरपाड्याची चाचणी मात्र ठरल्याप्रमाणे झाली. तू येणार होतीस, पण सकाळी निरोप आला, पोट दुखतंय, तुम्ही जा. मी आणि नितीनने फोनच्या टेकडीवर पेटी बसवली आणि डब्या घेऊन खाली पाड्यात उतरलो. तिथल्या बचत गटाच्या सोमीबाई, साठी उलटलेल्या, घरात कोकणा आदिवासींची कोकणी बोलतात आणि बाहेरच्या माणसाशी बाजारची अहिराणी. मी डबी पुढे केली. त्यांनी हातच पुढे केला नाही.

"हाई ते नही."

मी म्हटलं, हेच ते. त्या घरात गेल्या आणि साक्रीच्या बाजारातून सुके बोंबील बांधून आणलेला पेपरचा तुकडा घेऊन आल्या. त्याच्यावर ते. लाल गोलासकट.

"हाई शे ते. काळं, लांबं. तुम्ही आमले मीठना डबा दी राह्यनात. चांगलं शहरले, उरेलसुरेल आमले."

मागे उभ्या असलेल्या बायकांनी माना डोलावल्या. कुणाच्या बोलण्यात राग नव्हता, सवय होती. मला तुझा कप खाली ठेवण्याचा आवाज आठवला. मी एवढी वर्षं जे यंत्र घडवलं, ते ज्यांच्यासाठी घडवलं ती माणसं हातात घ्यायला तयार नव्हती, आणि याचं कारण मीच होतो. नितीनकडे पाहिलं तर तो डोंगराकडे बघत होता.

मी म्हटलं, "मावशी, ते वांगं शे."

"काय?"

"भरीताचं वांगं. भाजलेलं."

सोमीबाईंनी कागद लांब धरला, जवळ धरला, उलटा केला. मग एकदम "देठ शे व माय!" म्हणून त्या ओट्यावर बसल्याच. अख्खा पाडा गोळा झाला. कागद या हातातून त्या हातात फिरला, एक बाई तर डोळे पुसत पुसत विचारू लागली, "शहरना लोके वांगं वळखतस नही?" मी म्हटलं, नाही ओळखत. आणि मी ओळखून गप्प बसलो. हे दुसरं वाक्य मी कुणासमोर म्हणेन असं मला वाटलं नव्हतं. सोमीबाईंनी डोळे पुसले. मग हात पुढे केला.

"दे तुना मीठना डबा."

उंबरपाड्यातून बाहेर गेलेला पहिला निरोप तुलाच होता, त्यांच्याच आवाजात. अक्का, हातपंप अजून सुधरना नही. दोन मिनिटांत डबीवर तुझं उत्तर उमटलं, 'छापते'. पाड्यातल्या बायकांनी जो आरडाओरडा केला तो तुला धुळ्यापर्यंत ऐकू आला असता, यंत्राशिवाय.

डोंगर उतरून सडकेला लागलो, रेंज आली आणि मी गुंतवणूकदारांना फोन लावला. म्हटलं, हॉटेल रद्द, इंग्रजी दैनिक रद्द, यंत्र उंबरपाड्यात दाखवायचं आणि फोटोतलं ते वांगं होतं हे आधी छापून येणार. पलीकडून आधी आरडाओरड झाली, मग शांतपणे धमकी. सगळं बुडेल म्हणाले. मी म्हटलं, बुडू द्या. नितीनने धीर दिला, की फारच झालं तर वडिलांच्या दुकानात मला कापड मोजायला बसवता येईल.

धुळ्याला पोचलो तर तुझ्या दाराला कुलूप. शेजारणीने दवाखान्याचं नाव सांगितलं. तू कॉटवर पडून होतीस, हाताला सलाईन, लताताई उशाशी. तुझा चेहरा इतका उतरलेला होता की मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. फक्त म्हणालो, "अक्का, छाप."

"काय?"

"बठ्ठं. सगळंच्या सगळं."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं थकलीस. मग म्हणालीस, "लता, कागद आण. नको, यालाच लिहू दे, याची शिक्षा आहे ती."

तू सांगत गेलीस, मी लिहीत गेलो. मी 'क्रांतिकारी' लिहिलं, तू खोडायला लावलंस. क्रांती झाल्यावर लिहू म्हणालीस. यंत्र काय काय करत नाही हे मला खाली ढकलायचं होतं, तू ते वर घेतलंस. मथळा तुझाच, 'ते वांगं होतं'. आणि मग ते वाक्य. 'यंत्र बनवणाऱ्यांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ते गप्प राहिले.'

"हे हवंच का?"

"हवंच."

लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत अवघड वाक्य मी तुझ्या तोंडून घेऊन माझ्या हाताने लिहिलं, आणि लिहून झाल्यावर आश्चर्य म्हणजे मला भूक लागली.

गुरुवारी अंक निघाला. दुपारपर्यंत तुझ्या पहिल्या पानाचा फोटो राज्यभर फिरत होता, संध्याकाळी दिल्लीत. ते चार तज्ज्ञ पुन्हा टेबलाभोवती बसले, पण आता मध्ये ताटलीत एक वांगं होतं. देश हसला, अक्का. आणि आम्ही बुडालो नाही. लोक आधी वांग्यावर हसले आणि मग विचारू लागले, तो मिठाचा डबा कुठे मिळेल? तेच नाव पडलं आता. यावलहून विचारणा, मेळघाटातून विचारणा, ज्या गावांची नावं नकाशात शोधावी लागतात तिथून विचारणा. गुंतवणूकदार आठवड्याच्या आत परत आले आणि हा सगळा बेत आपलाच होता असं सांगत सुटले.

पण तुला सगळ्यांत काय आवडलं ते मला माहीत आहे. प्रत्येक मोठ्या पेपराला, प्रत्येक चॅनेलला ते वाक्य लिहावंच लागलं, 'धुळ्याच्या एका साप्ताहिकाने दिलेल्या वृत्तानुसार'. मी फोनवरून वाचायचो आणि तू डोळे मिटून म्हणायचीस, "आणखी एक वाच." टपरीवरचे ते संपादक शहाळं घेऊन भेटायला आले, दारात घुटमळले. तू म्हणालीस, "या, बसा. हळदीकुंकवाची बातमी देते." ते खो खो हसले आणि जाताना तुझ्या पाया पडले. तू पाय आखडून घेतलेस, पण चेहरा बघण्यासारखा होता.

उंबरपाड्याचा कार्यक्रम तुला बघता आला नाही. नितीनने तिथूनच डबीवरून तुला सगळं आवाजात सांगितलं, तरी पुन्हा सांगतो, मला सांगायला आवडतं. मुंबई-पुण्याचे पत्रकार धापा टाकत वर आले. त्यांचे फोन भारी, पण एकालाही रेंज नाही. बातमी पाठवायची कशी? शेवटी सगळे सोमीबाईंच्या ओट्यासमोर रांगेत उभे राहिले. सोमीबाई डबी धरून बसलेल्या. "एक एक," म्हणत होत्या, "मांगे सरक." दिल्लीच्या एका मोठ्या चॅनेलचा माणूस नंबर मोडून पुढे आला तर त्याला त्यांनी शेवटी पाठवलं. हे ऐकून तू इतकी हसलीस की सिस्टर रागवायला आली.

आता राहिलेलं भांडण. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं की नाही? तू जिंकलीस. मी हे लिहून देतो, आणि सहीसुद्धा करतो. पण एक मात्र मानणार नाही. त्या वांग्याशिवाय आपल्या डबीकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं, हे माझं म्हणणं कायम आहे. तू असतीस तर यावर अर्धा तास बोलली असतीस आणि शेवभाजी थंड झाली असती.

आणि माफी राहिली. मान हलवली त्याची, त्या फोनची. दवाखान्यात रोज ठरवायचो आणि रोज तू दुसरंच काही काम सांगायचीस. 'छाप' म्हटलं तीच माफी तू धरलीस की काय, मला माहीत नाही. अक्का, मी चुकलो. तू तुझा शब्द टोमणे खाऊन पाळलास आणि मी माझा जवळजवळ विकला होता. वेळेवर परत मिळाला तो तुझ्यामुळे आणि सोमीबाईंमुळे.

मंगळवारी सकाळी तू गेलीस. लताताईने सुचेल तिथे निरोप पाठवले. एक उंबरपाड्यालाही गेला. दुपारी आम्ही दोघं तुझ्या खोलीत बसलो होतो, आता साप्ताहिक बंद करायचं का असं काहीतरी बोलत होतो, तेवढ्यात तुझा फोन वाजला. डबीवरून आलेला निरोप होता, सोमीबाईंच्या आवाजात, आणि मागे पाड्यातली माणसं. आम्ही तो दोनदा ऐकला. मग लताताई उठली, छापखान्यात फोन केला आणि म्हणाली, एक पान काढायचंय, आजच. दैनिकं दुसऱ्या दिवशी सकाळी आली. त्यांच्या आधी, मंगळवारी संध्याकाळी, धुळ्यात तुझ्या साप्ताहिकाचं ते एक पान वाटलं गेलं. त्याच्यावर सोमीबाईंचं नाव, खाली 'आमच्या उंबरपाड्याच्या वार्ताहराकडून', आणि त्या बोलल्या तसंच्या तसं:

"आमनी पेपरवाली अक्का चालनी गई. इतला वरीस डोंगर चढीसन ती आमनी बातमी लेवाले उनी. आते तिनी बातमी आम्ही दी राह्यनूत. पहिली आम्हीच दी राह्यनूत."